कातडीतली दवंडी

श्रावण-भाद्रपदात वाशीमहून मंगरूळपीर-कारंज्याकडे जायला निघाले, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीनची हिरवी शेते दिसतात. आणि त्यांच्या बांधांवर, रस्त्याच्या कडेला, शाळांच्या कुंपणांशी बारीक पांढऱ्या फुलांचे गाजरगवत माजलेले दिसते. हे गवत हाताने उपटणाऱ्यांपैकी काहींच्या पापण्या, मान आणि कोपरांच्या वळ्या एकदोन दिवसांनी लाल होतात व त्यांना विलक्षण खाज सुटते. शेजारीच बसून तेच गवत उपटणाऱ्या दुसऱ्या माणसाला मात्र काहीही होत नाही. त्याच गावात एखाद्याच्या कोपरांवर, गुडघ्यांवर आणि डोक्यात चंदेरी खपल्यांचे जाड चट्टे असतात. तेही खाजतात, पण त्याने गवताला हातही लावलेला नसतो. या रोगाला सोरायसिस म्हणतात. आणि डास चावल्यावर सुटणारी खाज तर आपणा सर्वांच्याच ओळखीची आहे.

या तिघांनाही पुष्कळदा दुकानातून एकाच नळीतले मलम मिळते. खाज ती खाज, असा त्यामागे हिशेब असतो. हा हिशेब कितपत बरोबर आहे, ते आज आपण पाहू या.

खाज म्हणजे काय, याची व्याख्या हाफेनरेफर नावाच्या जर्मन वैद्याने १६६० सालीच करून ठेवली आहे : खाजवण्याची इच्छा उत्पन्न करणारी अप्रिय संवेदना म्हणजे खाज. व्याख्या वाचून हसू येईल, पण साडेतीनशे वर्षांत कोणाला तिच्याहून चांगली सुचलेली नाही. ही संवेदना मेंदूपर्यंत नेणारे चेतातंतू फार बारीक असतात आणि त्यांच्यावर वेष्टन नसते. त्यामुळे त्यांचा वेग असतो सेकंदाला सुमारे एक मीटर. बैलगाडीचाच वेग म्हणा ना! स्पर्शाची वार्ता नेणारे जाड तंतू याच्या पन्नासपट वेगाने काम करतात. आता तुम्हीच गणित करा. घोट्यापासून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंतचे अंतर साधारण एक मीटर. म्हणजे घोट्यावर डास बसला हे कळते क्षणार्धात. पण तो चावल्याची खाज मज्जारज्जूपर्यंत पोचायलाच जवळजवळ एक सेकंद लागतो.

खाज ही सौम्य वेदनाच असते, असे पुष्कळ वर्षे मानले जात होते. १९९७ साली जर्मनीतील संशोधकांनी माणसाच्या पायातील एकेका चेतातंतूची विद्युत्‌-स्पंदने मोजली. तेव्हा काही तंतू टोचण्या-दाबण्याला जवळजवळ दाद देत नाहीत, पण हिस्टामीन नावाच्या द्रव्याने मात्र बराच वेळ जागे राहतात, असे दिसून आले.

हे हिस्टामीन कातडीतील मास्ट पेशींमध्ये बारीक दाण्यांच्या रूपात साठवलेले असते. डासाची लाळ कातडीत शिरली, की मास्ट पेशी आपले दाणे रिते करतात. शेजारच्या रक्तवाहिन्या सैल होतात, गांधी उठते आणि खाज सुटते. सारे काही पाच-दहा मिनिटांत. चेतातंतूच्या टोकावर हिस्टामीनचा निरोप ऐकण्यासाठी एक विशिष्ट प्रथिन असते. त्याला ग्राही म्हणतात. आपण त्याला तंतूचा कान म्हणू. सर्दीवर किंवा अंगावर पित्त उठल्यावर डॉक्टर जी हिस्टामीन-विरोधी गोळी देतात, ती हिस्टामीनला नाहीसे करत नाही. ती या कानात बोळा घालते.

मग या गोळीने सगळीच खाज थांबावी की नाही? येथे खाजकुयलीची आठवण होते. रानात आणि कुंपणांवर चढणारा हा वेल. त्याच्या शेंगांवर सोनेरी-तांबूस लव असते. हिवाळ्यात शेंगा वाळल्या की ही लव वाऱ्याबरोबर अंगावर येते आणि माणूस खाजवून खाजवून बेजार होतो. कोणाच्या अंगरख्यात ती टाकण्याचा व्रात्यपणा कृपा करून करू नका. डोळ्यांत गेली तर फार वाईट. पण शास्त्रज्ञांना हीच लव फार मोलाची वाटली. लवेच्या टोकाशी म्युक्युनेन नावाचे विकर असते. प्रथिनांचे तुकडे करणे हा त्याचा धंदा. ते चेतातंतूवरचे एक निराळेच ग्राही कापून जागे करते. येथे हिस्टामीनचा संबंधच येत नाही, त्यामुळे हिस्टामीनच्या कानात बोळा घालून ही खाज थांबत नाही. माकडांवरील प्रयोगांत तर मज्जारज्जूतून मेंदूकडे जाणाऱ्या वाटाही वेगळ्या निघाल्या : हिस्टामीनला जाग्या होणाऱ्या काही पेशी खाजकुयलीला दाद देत नाहीत आणि खाजकुयलीला जाग्या होणाऱ्या हिस्टामीनला देत नाहीत. आपल्या कुंपणावरच्या एका खोडसाळ वेलाने जगाला दाखवून दिले, की खाजेचे निरोप एकाहून अधिक आहेत.

आता गाजरगवताकडे वळू. हे मूळचे अमेरिका खंडातले झाड. आपल्याकडे त्याच्या फैलावाकडे प्रथम लक्ष गेले ते पुण्यात, १९५५-५६च्या सुमारास. पुढे वीस वर्षांत ते महाराष्ट्रभर आणि त्याच्याही बाहेर पसरले आणि त्याच्या मागोमाग दवाखान्यांत एक नवीनच त्वचारोग येऊ लागला. पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर यांनी परदेशातील मिचेल व कॅलनन या दोन तज्ज्ञांसमवेत १९७४ मध्ये या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. गवतातील पार्थेनिन हे द्रव्य त्याच्या मुळाशी आहे, हेही पुढे स्पष्ट झाले.

पार्थेनिनचा रेणू लहानसा असतो. तो कातडीतील प्रथिनांना जाऊन चिकटतो आणि ती प्रथिने परक्यासारखी दिसू लागतात. कातडीत फांद्या पसरून बसलेल्या लँगरहान्स पेशी हा 'परका' उचलतात आणि जवळच्या लसीका-ग्रंथीत नेऊन टी-पेशींना दाखवतात. (पॉल लँगरहान्स याने १८६८ मध्ये, वैद्यकाचा विद्यार्थी असतानाच या पेशी शोधल्या. त्यांच्या फांद्या पाहून तो त्यांना चेतापेशी समजला होता! त्या खरे म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी निघाल्या.) टी-पेशी या रक्तातील श्वेतपेशींचा एक प्रकार. एकदा दाखवलेला चेहरा त्या वर्षानुवर्षे विसरत नाहीत. पुढच्या वेळी पार्थेनिन आले, की ओळखणाऱ्या टी-पेशी तेथे गोळा होतात. ही जमवाजमव व्हायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून डासाची खाज मिनिटांत आणि गाजरगवताची दोन दिवसांनी. आणि ज्याच्या टी-पेशींनी हा चेहरा परका म्हणून नोंदवलेलाच नाही, त्याला काही होत नाही. शेजारी बसलेल्या माणसाचे कोडे असे सुटते.

टी-पेशी जमल्यावर करतात काय? त्या बोलतात. आपल्या खेड्यांतून पूर्वी दवंडी पिटत असत. दवंडी सगळ्या गावात ऐकू जाई. पण सारा भरायचा असेल तर शेतकरी उठे, गुरे कोंडवाड्यात असतील तर गुराखी धावे. टी-पेशी अशाच तऱ्हेची प्रथिने भोवती सोडतात. त्यांना सायटोकाइन म्हणतात. ज्या पेशीवर त्या-त्या सायटोकाइनचे ग्राही असेल, तीच ते ऐकते. यांपैकी पुष्कळांना इंटरल्यूकिन हे नाव आणि एक क्रमांक दिलेला आहे.

इंटरल्यूकिन-३१ हे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे. २००४ मध्ये ते सापडले तेव्हा संशोधकांनी हे प्रथिन गरजेपेक्षा जास्त बनवणारे उंदीर तयार केले. त्या उंदरांनी खाजवून खाजवून अंगावरचे केस घालवले. या दवंडीला कान आहे तो थेट चेतातंतूंचा. म्हणजे प्रतिकारशक्तीची पेशी बोलते आणि चेतातंतू ते ऐकतो. मध्ये हिस्टामीन नावाच्या दलालाची गरजच राहत नाही. शरीराच्या या दोन खात्यांचा असा परस्पर पत्रव्यवहार चालत असेल, हे पूर्वी कोणाच्या फारसे ध्यानात आले नव्हते.

एवढी तयारी झाल्यावर सोरायसिस समजायला कठीण नाही. आपल्या बाह्यत्वचेच्या तळाशी नव्या पेशी सतत जन्मतात, वर सरकत जातात, केराटिनने भरतात, मरतात आणि कोंड्याच्या रूपाने गळून पडतात. जन्मापासून गळेपर्यंतचा हा प्रवास साधारण चार आठवड्यांचा. सोरायसिसच्या चट्ट्यात तोच प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो. पेशी पुरत्या पिकायच्या आत वर येतात, एकमेकींना चिकटून राहतात आणि त्यांचे चंदेरी थर साचतात. कारखान्यात पक्का होण्याआधीच माल बाहेर ढकलावा तसे.

ही घाई कोण लावते? तीही एक दवंडीच आहे. कातडीला इजा झाली, की तिच्या पेशी जंतुनाशक प्रथिने सोडतात. त्यांपैकी एक प्रथिन फुटलेल्या पेशींतील डीएनएला चिकटते आणि काही पहारेकरी पेशींना वाटते, की जंतूच शिरले. त्या इशारा देतात. मग दुसऱ्या पहारेकरी पेशी इंटरल्यूकिन-२३ची दवंडी पिटतात. ती ऐकून टी-पेशींचा एक गट इंटरल्यूकिन-१७ आणि इंटरल्यूकिन-२२ सोडू लागतो. यांना कान आहेत ते बाह्यत्वचेच्या पेशींचे. त्या भराभर वाढू लागतात आणि आणखी श्वेतपेशींना बोलावणारे निरोप स्वतःच सोडू लागतात. त्या श्वेतपेशी येतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. निरोगी माणसाच्या जखमेत हीच दवंडी काम झाल्यावर थांबते. सोरायसिसमध्ये ती थांबत नाही. इंटरल्यूकिन-१७ निरुपयोगी आहे असे मात्र समजू नका. ज्या रोग्यांत औषधाने ते बंद पाडले जाते, त्यांच्यापैकी काहींना तोंडात बुरशीचा संसर्ग होतो. एरवी हीच दवंडी बुरशीला दूर ठेवत असते.

म्हणूनच सोरायसिस असणाऱ्यांच्या कातडीवर ओरखडा पडला, तर कधी कधी त्याच रेषेवर नवा चट्टा उमटतो. कोबनर या जर्मन वैद्याने एकोणिसाव्या शतकातच हे पाहून ठेवले होते. मुलांमध्ये घसा बसल्यावर, विशेषतः स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग झाल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी अंगभर थेंबाथेंबांसारखे चट्टे उठतात, तेही याच कारणाने : घशातील जंतूंविरुद्ध जाग्या झालेल्या टी-पेशी कातडीत येऊन कामाला लागतात. हिवाळ्यात विदर्भाची हवा थंड आणि कोरडी होते, कातडी फुटते. तेव्हा पुष्कळांचे चट्टे वाढतात. घराण्यात हा रोग असेल तर तो होण्याची शक्यता अधिक, कारण काही जनुके पहारेकऱ्यांना अधिक हळवे करतात. पण तो एकाचा दुसऱ्याला मात्र लागत नाही. शेजारी बसून, हात धरून, एका ताटात जेवून, कशानेही नाही. यात जंतूच नाही, मग लागणार काय?

वर्गात सोरायसिस असलेल्या मुलाला वेगळे बसवले जाते, विहिरीवर किंवा लग्नाच्या पंगतीत त्याच्यापासून चार हात दूर राहतात. यामागे पुष्कळदा एक जुनी भीती असते. ती म्हणजे कुष्ठरोगाची. विदर्भाला या रोगाची ओळख फार जुनी आहे, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभारले, ते त्या अनुभवातूनच. पण दोन रोगांत एक मूलभूत फरक आहे आणि तो आजच्या आपल्या विषयाशी जुळतो. कुष्ठरोगाचे जंतू चेतातंतूंतच घर करतात आणि त्यांना निकामी करतात. म्हणून त्या चट्ट्यात सहसा संवेदना नसते, घाम नसतो, खाजही नसते. घरोघर तपासणीला येणारे आरोग्य कर्मचारी चट्ट्याला हलकेच स्पर्श करून ‘कळते का?’ विचारतात ते याचसाठी. सोरायसिसच्या चट्ट्यातले चेतातंतू जिवंत असतात, नको इतके जागे असतात. म्हणून तो चट्टा खाजतो. अर्थात निदान डॉक्टरांनीच करायचे. आपण फक्त फरकाचे कारण समजून घेतले. आणि कुष्ठरोगही १९८०च्या दशकापासून बहुविध औषधांनी पूर्ण बरा होतो, तेव्हा त्या रोग्यालाही दूर लोटण्याचे कारण उरलेले नाही.

सोरायसिसमधील खाज पुष्कळ वर्षे दुर्लक्षित राहिली. गंमत अशी, की ‘सोरा’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच खाज असा होतो! निम्म्याहून अधिक रोग्यांना ती असते. त्यांना हिस्टामीन-विरोधी गोळ्यांनी झोप बरी लागते, खाजेला उतार थोडाच पडतो. कारण येथे बोलणारे मुख्यतः हिस्टामीन नाही. चट्ट्यातल्या पेशी चेतातंतूंना वाढवणारे द्रव्य सोडतात, टी-पेशी इंटरल्यूकिन-३१ सोडतात; आणि चेतातंतू नुसते ऐकून गप्प बसत नाहीत, तेही उत्तर देतात. त्यांच्या टोकांतून ‘सबस्टन्स पी’सारखी द्रव्ये पाझरतात आणि मास्ट पेशींना, टी-पेशींना डिवचतात. एखाद्या रोग्याची शस्त्रक्रियेत किंवा अपघातात नस तुटली, तर त्या भागातील सोरायसिसचा चट्टा आपोआप मावळतो, असे डॉक्टरांनी पाहिले होते. २०१४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी याला दुजोरा मिळाला : वेदनेचे तंतू काढून टाकले, तर पहारेकरी पेशींची इंटरल्यूकिन-२३ची दवंडी मंदावली.

टी-पेशींवर संशय कसा आला, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९७० च्या दशकापर्यंत सोरायसिस हा केवळ बाह्यत्वचेच्या पेशींचा बिघाड समजला जाई. सांधेदुखीच्या काही रोग्यांना सायक्लोस्पोरिन हे औषध प्रायोगिक म्हणून दिले गेले. हे औषध टी-पेशींना आवर घालते. त्यांच्यापैकी ज्यांना सोरायसिसही होता, त्यांचे चट्टे नाहीसे होऊ लागले! १९७९ साली हे प्रसिद्ध झाले. कातडीला हात न लावता, फक्त टी-पेशींना गप्प केल्याने कातडी सुधारली. तेव्हापासून संशोधनाची दिशा बदलली. २००० साली इंटरल्यूकिन-२३ सापडले. पुढे नेमक्या एकेका दवंडीला अडवणारी प्रतिपिंडे तयार झाली. भारतातही बंगळूरच्या बायोकॉनने टी-पेशींवरील एका ग्राहीला अडवणारे इटोलिझुमॅब बनवले व २०१३ मध्ये ते सोरायसिससाठी मान्य झाले. इंटरल्यूकिन-१७ला अडवणारी औषधे घेणाऱ्या पुष्कळांची खाज पहिल्या काही आठवड्यांतच, चट्टे पुरते जाण्याआधीच कमी होते. ही औषधे महाग आहेत, सुईने घ्यावी लागतात आणि ती देण्याआधी क्षयरोगाची तपासणी करावी लागते, कारण ज्या दवंड्या आपण बंद पाडतो त्यांचा उपयोग जंतूंशी लढतानाही होत असतो. सौम्य रोगाला त्यांची गरज नसते. योग्य मलमे, साधे तेल किंवा व्हॅसलीन आणि प्रकाशोपचार यांवरही भागते.

आता त्या नळीतल्या मलमाचा हिशेब. दुकानातून न विचारता मिळणाऱ्या अनेक मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. स्टेरॉइड हा सर्वच दवंड्या दाबणारा हात आहे. म्हणून तो प्रथम सगळ्याच खाजेवर चालल्यासारखा वाटतो आणि म्हणूनच फसवतो. खाज नायट्याची असेल तर बुरशीशी लढणारी दवंडीही बंद पडते आणि नायटा आतून पसरतो. खाज खरजेची असेल तर तिचे किडे तसेच राहतात, घरातल्या दुसऱ्यांना लागतात आणि डॉक्टरांना ओळखणे अवघड होते. गाजरगवताची असेल तर काही दिवस बरे वाटते, पण गवत बांधावर तसेच असते. सोरायसिसमध्ये स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने घेऊन एकदम सोडल्या, तर रोग कधी कधी अंगभर भडकतो आणि रुग्णालयात न्यावे लागते. त्वचातज्ज्ञ स्टेरॉइड मलमे देतातच. पण कोणत्या जागी, किती, किती दिवस हे ठरवून देतात.

राहता राहिले खाजवणे. खाजवल्याने बरे का वाटते? नखांनी होणारी बारीक वेदना मज्जारज्जूत खाजेच्या निरोपाला अडवते म्हणून. थंडाव्यानेही तसेच होते. डास चावल्यावर गांधीवर थंड पाण्यात बुडवलेला चमचा अर्धा मिनिट टेकवा आणि खाज परत किती वेळाने येते ते घड्याळात पाहा. मग दुसऱ्या गांधीला काहीच न करता तुलना करा. (हे वाचता वाचताच तुमच्यापैकी किती जणांनी डोके किंवा हात खाजवला? शिक्षकांनी हा लेख वर्गात मोठ्याने वाचून मोजणी करायला हरकत नाही. खाजेचे नुसते नाव काढले तरी ती सुटते, हे प्रयोगांनीही दाखवले गेले आहे.)

पण खाजवण्याची दुसरी बाजू २०२५ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्गच्या संशोधकांनी दाखवली. त्यांनी उंदरांच्या कानाला स्पर्शजन्य ॲलर्जी उत्पन्न केली आणि काही उंदरांच्या गळ्यात पसरट पट्टे घातले, म्हणजे त्यांना कान खाजवता येऊ नयेत. ज्यांना खाजवता आले नाही, त्यांच्या कानांची सूज पुष्कळच कमी राहिली. ज्यांनी खाजवले त्यांच्या चेतातंतूंनी सबस्टन्स पी सोडले, मास्ट पेशी आणखी चेतल्या आणि सूज वाढली. म्हणजे नखांनी आपण दवंडीवाल्याच्या हाती आणखी एक टिपरू देतो. मग निसर्गाने हे सुख ठेवले तरी कशाला? त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली : खाजवणाऱ्या उंदरांच्या कातडीवर स्टॅफिलोकोकस जंतूंची संख्या कमी झाली होती.